भलताच पत्ता

"तुमच्या दोघांत हे काम कोण करतं?"

तोंडाला फडकं बांधलेल्या म्होरक्याने पिस्तूल आधी सेमवांगाकडे रोखलं, मग त्याच्या बायकोकडे, आयिकोरूकडे. म्होरक्याची लुगांडा भाषा मोडकी होती. साथीदार लोखंडी नळी घेऊन दाराशी उभा राहिला.

"प्रमुख मी आहे," सेमवांगा म्हणाला. "पण हे असलं खोदकाम हिचं."

रविवार असल्यामुळे न्तिंडा भागातल्या त्या कचेरीत नवरा-बायको दोघंच होती. मोबाईलवरचे पैशांचे व्यवहार सांभाळणारं त्यांचं मशीन आदल्या दिवशी कोसळलं होतं. कोसळतानाची त्याची सगळी मेमरी एका फाइलमध्ये उतरली होती. साऱ्या खात्यांची गुप्त किल्ली त्यातच कुठेतरी होती, आणि या दोन दरोडेखोरांना तीच हवी होती.

म्होरक्याची नजर आयिकोरूच्या उजव्या मनगटावरच्या प्लास्टरवर गेली.

"हाताला काय झालं?"

"न्हाणीत पडली," सेमवांगाच बोलला. "वेंधळी आहे जरा."

 म्होरक्याने साथीदाराकडून सेमवांगाला खुर्चीला बांधून घेतलं.

"बस, बाई. चुकलीस तर मार याला बसेल."

आयिकोरू डाव्या हाताने टाइप करू लागली. "वेळ लागेल," ती म्हणाली. "मशीन सांगतं तो पत्ता खरा नसतो. ते दुसऱ्या मशीनच्या पोटात चालतं. त्यामुळे पत्ता आधी याच्या तक्त्यांतून उलगडायचा, मग त्याच्या. एक पायरी चुकली की भलत्याच घरात शिरतो."

"भलत्या घरात शिरायची आम्हाला सवय आहे."

पडद्यावर अर्थहीन अक्षरांचा कचरा उमटला. किल्ली नव्हती.

म्होरक्याने नुसती मान हलवली. नळी सेमवांगाच्या गुडघ्यावर बसली. तो गुरासारखा ओरडला.

"पुन्हा बघते," आयिकोरूचा आवाज कापत होता. "मारू नका त्यांना."

दुसऱ्यांदाही कचराच. या वेळी म्होरक्याने स्वतःच सेमवांगाचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि पिस्तुलाचा दस्ता बोटांवर आपटला. मग पुन्हा आपटला. हाडं मोडल्याचा आवाज आला.

"अगं, मोठं पान आहे ते!" सेमवांगा किंचाळला. "तक्त्यातल्या नोंदीवर खूण आहे बघ! तिथेच थांबायचं, आणखी खाली उतरायचं नाही! शेंबड्या पोरालाही कळतं, मूर्ख बाई!"

म्होरक्याने टेबलावरचं पुसायचं फडकं उचललं आणि त्याच्या तोंडात कोंबलं.

"बाई काम करतेय ना? मधे बोलू नको."

आयिकोरूने डोळे पुसले. ती पुन्हा नोंदींवरून उतरत गेली, एकीखाली एक. पुन्हा कचरा.

नळी बरगड्यांवर पडली. खुर्चीसकट सेमवांगा आडवा झाला. साथीदाराने त्याला लाथा घातल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. फडकं लाल झालं. एक डोळा मिटूनच गेला. उघड्या डोळ्याने तो बायकोकडे पाहत होता आणि जमेल तशी मान हलवत होता, थांब, तिथेच थांब. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पडद्यावरून मात्र तिची नजर हलली नाही.

"पुरे, मरेल," साथीदार धापा टाकत म्हणाला.

"मरत नाही एवढ्यात. पाणी आण, तोंडावर मार."

साथीदार बाहेर गेला. म्होरक्या आयिकोरूच्या खुर्चीमागे आला आणि पडदा वाचल्यासारखा तिच्या खांद्यावरून वाकला. मग त्याने तोंडावरचं फडकं जरा खाली ओढलं आणि हलक्या आवाजात, सेमवांगाला इतक्या वर्षांत कधी न समजलेल्या तिच्या माहेरच्या बोलीत विचारलं,

"ताई, बास का आता?"

आयिकोरूने खाली पडलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि डावा हात पुन्हा कीबोर्डवर ठेवला.

"अजून एकदा चुकते," ती म्हणाली.