सोळाव्या लुईचा पलंग

"बाबा, उठा आधी त्यावरून!" दीप्ती ओरडली. जेवून नुकतेच आडवे झालेले तिचे सासरे, रावसाहेब, अर्धवट उठले. मुलाकडे, ईस्ट कोस्टच्या या काँडो-फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांची वामकुक्षी फरशीवरच व्हायची. सत्तरीतल्या माणसाला चटई आणि या पलंगाच्या लाकडाला एसी! आज पाठ पार धरली होती.

"अँटिक फ्रेंच डेबेड आहे हा. सोळाव्या लुईची स्टाइल. पाय बघा, कसे सरळ, निमुळते!"

"बनवला कशासाठी?"

"दुपारी लवंडायला."

"मग लवंडतं कोण?"

"कुणीच नाही. अशा वस्तू जपायच्या असतात, बाबा."

"आणि त्या लुईचं पुढे काय झालं?"

"लोकांनी मुंडकं उडवलं त्याचं."

रावसाहेबांनी उशी ओढली आणि ते कुशीवर वळले. "तोही कुणाला टेकू देत नसणार."