विचारून सांगते

“चूक इचारली तर अशी सांग, की चूक वाटूच नये.” भोकरच्या स्टँडवर आनंदराजदादानं बजावलं होतं. उत्तरही त्यानंच पाठ करून घेतलं होतं: हातातलं काम संपल्याशिवाय मी घरी जात नाही, हीच माझी चूक. मग बहिणीच्या पांढऱ्या साडीकडं बघून हसला होता. “शील उद्या घेतलं असतं तर काय झालं असतं, बाई? मुलाखत आज हाय.”

पण पौर्णिमा आज होती. बुद्धप्रियानं पहाटेच आईबरोबर विहारात अष्टशील घेतलं होतं. दिवसभर खोटं बोलायचं नाही, हे त्या आठांतलं एक. बारानंतर खायचं नाही म्हणून डबा तिनं एसटीतच उरकला, आणि आता नांदेडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून दादाचं उत्तर घोकत होती. जुनं कंत्राट संपून वर्ष झालं होतं. नर्सच्या जागेसाठी ही तिसरी मुलाखत.

शेजारी ग्यानोबा नावाचे एक म्हातारे डोळ्यांत औषध घालून बसले होते. त्या धूसर नजरेला साडीचा पांढरा रंग तेवढा दिसला असावा.

“सिस्टर, माजा नंबर कवा लागंल? इस्लापूरची गाडी साडेचारला हाय.”

मी इथली सिस्टर नाही, असं ती म्हणणार तोच आतून तिचं नाव पुकारलं. “विचारून सांगते, बाबा,” म्हणत ती उठली.

आत डॉक्टर होते आणि मेट्रनबाई. औषधांचे, ड्रेसिंगचे प्रश्न सोपे गेले. मग मेट्रनबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि कामात झालेली एखादी चूक सांग म्हणाल्या.

पाठ केलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. बुद्धप्रियानं ते गिळलं.

“मागच्या दवाखान्यात एका आजोबांनी लेकीला फोन लावायला सांगितलं होतं. मी लावते म्हणाले. ड्युटी संपली, बस गाठायची होती, विसरून घरी गेले. रात्रभर ते दाराकडं बघत बसले होते. सकाळी मी इंजेक्शन द्यायला गेले, तर त्यांनी हात पुढं केला नाही. दुसरीला बोलवा म्हणाले.”

मग काय केलंत, डॉक्टरांनी विचारलं. तिथंच उभं राहून लेकीला फोन लावला, असं तिनं सांगितलं. पण सुट्टी मिळून दवाखान्यातून घरी जाईपर्यंत आजोबांनी हात काही तिला दिला नाही, तेही सांगितलं.

त्यातून काय शिकलात असं विचारतील, हे दादानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचंही उत्तर तयार होतं. पण ते कुणी विचारलंच नाही. मेट्रनबाईंनी बाजूचा कागद पुन्हा पुढं ओढला. कळवू, एवढंच म्हणाल्या.

बाहेर आली तेव्हा पर्समधला फोन थरथरत होता. दादाच असणार. बाकावरचा एक माणूस ग्यानोबांची थट्टा करत होता.

“सिस्टर न्हाई ती, बाबा. मुलाखतीला आलेली पोरगी हाय. गेली बी असंल घरी.”

“कोन का असंना,” ग्यानोबा डोळे मिटूनच म्हणाले. “इचारून सांगते म्हणली हाय.”

फोन थरथरून थांबला. बुद्धप्रियानं पदर खोचला आणि काउंटरपुढच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.