वर्नाबाईंचा प्रवेश

एकोणिसाव्या वर्षी वर्ना टॅकेटला फॉरेन्सिकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा नवऱ्याने, डेल्बर्टने, कॉलेजचं पत्र तिच्यादेखत चुलीत घातलं. "मढ्यांचा वास घेऊन माझ्या घरात शिरायचं नाही," म्हणाला. त्यावर बेचाळीस वर्षं ती चकार शब्द न काढता त्याला मक्याच्या भाकरी वाढत राहिली.

एकसष्टाव्या वर्षी ती टेनेसीतल्या त्याच कॉलेजात मुलाखतीला येऊन बसली. प्राध्यापक पिकेटनी तिला आधीच बजावलं.

"बाई, हे काम नाजूक नाकाचं नाही. लोकांनी दान केलेली प्रेतं आम्ही मागच्या कुरणात उघड्यावर ठेवतो. किडे कुठून शिरले, काय आधी सडलं, हे रोज जाऊन टिपायचं. दीड वर्ष! झेपेल?"

"न झेपायला काय झालं? डबासुद्धा तिथेच बसून खाईन."

"आणि यजमानांची हरकत नाही ना?"



"मंगळवारी तो गेला आणि बुधवारी मीच सही करून त्याला तुमच्या कुरणात पोचवलाय, मला तेवढा तोच नेमून द्या, म्हणजे जिभेपासून सुरुवात करते."