वगैरे

विष्णुपंत धापा टाकत नळदुर्गच्या एसटी स्टँडवर पोचले तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती आणि अर्धी राहिली होती. काखेत उर्दू कागदांचं दप्तर, एका कानाला साबण. सोलापूरची गाडी अजून लागायची होती. पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या शामलाबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. अणदूरच्या एका जुन्या विहिरीवरचा त्यांचा लेख आज त्यांच्याबरोबर छापखान्याकडे निघाला होता. त्यासाठी लागलेले उर्दू कागद पंतांनी मराठीत करून दिले होते. लेखाखाली आपलं नाव छापून येणार, हे पंतांनी गल्लीत कुणालाच सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"बाई, गलती झाली," पंत म्हणाले. "माझी. साल चुकलं."

निजामाचं राज्य जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण त्याची दोन सालं अजून पंतांची पाठ सोडत नव्हती. काझीच्या कागदावर हिजरी, महसुलाच्या कागदावर फसली. विहिरीचा कागद महसुलाचा; तो बांधलेला मात्र काझीच्या कागदांत. कचेरीत जन्म घालवलेल्या माणसानं बाराशे सत्त्याऐंशी हे साल खुशाल हिजरी धरून मोजलं आणि सात वर्षं मागं गेला! आज सकाळी गालावर वस्तरा असताना डोक्यात उजेड पडला. गप्प बसले असते तर ब्रह्मदेवाच्या बापालाही कळलं नसतं. हा विचार पंतांनी स्टँडपर्यंत येताना दोनदा केला होता, लपवायचं कशाला?

"म्हणजे विहीर अठराशे सत्तरची नाही?"

"न्हाय. सत्त्याहत्तरची."

शामलाबाईंनी लेख मांडीवर उघडला. सुबत्तेच्या दिवसांत देशमुखांनी हौसेनं विहीर बांधली, असं त्यांनी त्यात ठासून लिहिलं होतं.

"सत्त्याहत्तर म्हणजे मोठा दुष्काळ," त्या हळू म्हणाल्या.

पंतांनी काखेतलं दप्तर घट्ट धरलं. "लेख बिघडला ना? माझं नाव काढून टाका. माझी तक्रार न्हाय." तक्रार होती.

"बिघडला? अहो, जमला!" शामलाबाई उभ्याच राहिल्या. "एवढ्याशा विहिरीला तीनशे माणसं कशाला, आणि मजुरी ज्वारीत का, हे मला सुटतच नव्हतं. हौस कसली? माणसं जगवायला काढलेलं काम ते! आणि नाव राहील तुमचं. चूकही राहील. तळटीपच देऊ: सालाची चूक भाषांतरकाराची, दुरुस्तीही त्याचीच."

पंतांना भलताच आनंद झाला. त्यांनी धोतराच्या सोग्यानं कानाचा साबण पुसला.

"पण ही तीनशे माणसं कोण, पंत? तुम्ही नुसतं लिहिलंय, 'बिरदेव वगैरे तीनशे इसम'."

आता मात्र पंत ओशाळले. नावांची पाच पानं होती. कंटाळा आला, तेव्हा सगळ्यांना त्यांनी 'वगैरे'त बसवलं होतं.

"इथंच वाचतो," म्हणत त्यांनी बाकावर दप्तर सोडलं. शामलाबाईंनी पेन उघडलं.

"बिरदेव वलद शिवलिंगप्पा, राहणार अणदूर. धोंडीबा वलद..."

"थांबा वो!" शेजारी गाठोड्यावर बसलेली एक म्हातारी उठली. "बिरदेव कुणाचा म्हनलाव?"

"शिवलिंगप्पाचा."

"आगं बाई! माज्या सासऱ्याचा बाप त्यो! हिरीवर राबला, म्हनून आमचं घर जगलं, असं सासरा सांगायचा. त्याचं नाव हाय व्हय कागदात?" म्हातारी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "वाचा आता समदी. एक बी गाळू नगा."

पंतांनी आवाज चढवला. नावामागून नाव येऊ लागलं, तशी स्टँडवरची माणसं गाठोडी सोडून जवळ सरकली. मध्येच कुणीतरी "आमचा! आमचा!" म्हणून ओरडलं आणि सगळे हसले. गाडी आली, लागली, दोनदा हॉर्न झाला. कुणी उठेना. शेवटी कंडक्टर तणतणत खाली उतरला, गर्दीत डोकं घालून घटकाभर ऐकत राहिला आणि तिकिटांची पेटी बगलेत मारून म्हणाला,

"काका, आमच्या होर्तीचं कुनी हाय का, बघा की."