चौदा दिवसांचा वेढा

"अलामोच्या किल्ल्याचा वेढा चौदा दिवस चालला," आसावरी म्हणाली.

तेरा. वेढा तेरा दिवस चालला होता. स्वतःचा फोन नंबर एक वेळ ती विसरली असती, पण हे नाही. तरी आज तिने ठरवलं होतं. आज सॅन जसिंटोच्या या मैदानावर टेक्ससच्या मेक्सिकोविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट ती बाबांच्या पद्धतीने सांगणार होती. म्हणजे चुकांसकट.

समोर गवतावर यतीनकाका बसले होते. बाबांचे धाकटे भाऊ, परवाच पुण्याहून आलेले. उद्या बाबांचं वर्षश्राद्ध. आई घरी त्याच्या तयारीत होती. सकाळी तिनेच सांगितलं, "काकांना मैदानावर घेऊन जा. ह्यांनी नेलंच असतं."

नेलंच असतं. ह्यूस्टनला बाबांच्या घरी उतरलेला एकही पाहुणा या मैदानातून सुटला नव्हता. जेटलॅगने पेंगणाऱ्या माणसाला इथे आणायचं, पुरी-भाजीचा डबा उघडायचा, आणि तोंडात घास असल्यामुळे ज्याला पळता येत नाही त्याला थेट १८३६ सालात न्यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता.

दरवेळी आसावरीलाही गाडीत कोंबलं जायचं. पंधराव्या वर्षी तिने वडिलांशी बोलणं जवळजवळ सोडलं. भांडण वगैरे काही नव्हतं, वयच तसलं. घरात "फाइन" आणि "व्हॉटेव्हर", संपला संवाद. मैदानावर मात्र तिला कंठ फुटायचा. बाबा म्हणायचे, वेढा चौदा दिवस. ती म्हणायची, तेरा. बाबा म्हणायचे, इथली शेवटची लढाई तासभर चालली. ती ओरडायची, अठरा मिनिटं, बाबा, अठरा! आणि मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली होती, ती टेक्ससच्या या लोकांना हवी होती, ते का गाळता? मग लायब्ररीच्या कार्डाच्या जोरावर तिचं अर्धा तास भाषण. पाहुणे पुरी हातात धरून ऐकत. पुढच्या पाहुण्याला बाबा पुन्हा चौदाच सांगत. आयुष्यभर पूल बांधलेला इंजिनिअर, आणि एक आकडा लक्षात राहू नये! पुढे आसावरी दूर दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला पाठ्यपुस्तकांतल्या चुका काढायच्या नोकरीला लागली. इतकी वर्षं फुकट केलेलं काम आता पगारावर.

गेल्या वर्षी बाबांचा फोन आला तेव्हा ती मीटिंगच्या दारात होती. शनिवारी बॉथेल गावाहून कुणी पाहुणे येणार होते, त्यांना मैदानावर न्यायचं होतं. "अलामोपासून सुरू करतो," बाबा म्हणाले, "चौदा दिवस..."

"तेरा, बाबा. आता तरी. तेरा." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. शेवटच्या बोलण्यात लोक माफी मागतात, काळजी घ्या म्हणतात. आसावरीने वडिलांना एक दुरुस्ती दिली होती. वर्षभर ती हे मनात वाचत होती, आणि चुका काढण्यात हयात घालवलेल्या बाईला ही एक चूक खोडता येत नव्हती. म्हणून आजचं हे प्रायश्चित्त. चौदा तर चौदा.

"मग एकवीस एप्रिलला, इथे," ती नेटाने पुढे म्हणाली, "भर दुपारी मेक्सिकोचं सैन्य आडवं झालं होतं. पहाराही धड नव्हता."

"दुपारी झोपले? मग हरणारच," काका म्हणाले. "आमच्या पुण्यावर कुणी दुपारी चालून आलं असतं, तर आम्हीही गेलो असतो."

आसावरीला हसू आलं. बाबांसाठी ते तिने आवरलं. "आणि मग... लढाई चालली तासभर."

काकांचा पुरीचा हात थांबला.

"अठरा मिनिटं ना गं?"

"तासभर, काका."

"छे! अठरा. आणि मघाशी तू चौदा दिवस म्हणालीस, तेव्हाच मला खटकलं. पण म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, आपण कशाला बोला. तेरा दिवस. आणि ते गुलामांचं सगळं गाळलंस की! स्वातंत्र्य कुणाचं आणि कुणाच्या जिवावर, असं काहीतरी होतं ते."

आसावरी त्यांच्याकडे बघतच राहिली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दादाने. कोण सांगणार दुसरं? इथेच बसून."

"शक्य नाही. बाबा कायम चौदाच म्हणायचे. मी स्वतः ऐकलंय, शंभर वेळा."

"ते मीही ऐकलं होतं, पहिल्या खेपेला. तू होतीस बरोबर, एवढीशी, फणकारलेली. काय झाडलं होतंस दादाला!" काकांनी पुरी डब्यात ठेवली. "दुसऱ्यांदा आलो तेव्हा तू कॉलेजला गेली होतीस. आम्ही दोघंच होतो. तेव्हा त्याने सगळं बरोबर सांगितलं. तुझा शब्द न् शब्द. मी म्हटलं, दादा, तुला हे सगळं येतंय, मग तिच्यासमोर चुकीचं का सांगत होतास रे?"

"मग?"

"हसला. म्हणाला, अरे, बरोबर सांगितलं तर पोरगी माझ्याशी बोलते कुठे?"