न ठेवलेला हात

"आजी, चहा घ्या," म्हणत एकानं कप पुढं केला. मुक्ताबाईंनी मान हलवली. चहा प्यायला त्या आल्या नव्हत्या, पोरगा परत मागायला आल्या होत्या.

हडपसरच्या या ऑफिसात हिंदुराव अण्णा बसायचा. बाहेर पाटी होती, 'जमीन खरेदी-विक्री'. घेणार कोण आणि विकणार कोण, हे दोन्ही अण्णाच ठरवायचा, एवढीच काय ती मेख.

काल सकाळी पोराच्या, जयसिंगच्या गादीखाली पेपरात गुंडाळलेला कोयता सापडला. तेवीस वर्षांत त्या घरात कोयता आला नव्हता. नारळसुद्धा त्या शेजारच्या प्रेमलाकडून फोडून आणायच्या. त्यावर कधी कुणी हसलं नाही. जिचा नवरा कोयत्यानं मेला, तिला कोण हसणार?

"उद्या बिबवेवाडीला जायचंय, एका प्लॉटवर," जयसिंग म्हणाला. "नुसतं उभं राहायचंय. अण्णापण असाच मोठा झाला."

"लोक त्याला तुझ्या बापाचा खुनी म्हणतात रे!"

"लोकांचं सोड. तूच सांगितलंस ना पोलिसांना, तो नव्हता म्हणून?"



शहाऐंशी सालची गोष्ट. हिंदुराव तेव्हा एकोणीस वर्षांचा, शेजारच्या वस्तीवरचा, घरोघरी दूध घालणारा. पाटाच्या पाण्यावरून त्याचं मुक्ताबाईंच्या नवऱ्याशी, गेनबाशी कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गेनबा उसाच्या बांधावर मरून पडला. हिंदुरावला उसातून पळत जाताना दोघांनी पाहिलं. गेनबाचाच कोयता पाटात सापडला. मुक्ताबाई भाकरी घेऊन शेतावर गेल्या होत्या. लोक धावत आले तेव्हा त्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लुगडं रक्तानं भिजलेलं. 'कुणीतरी पळालं, तोंड नीट दिसलं नाही,' एवढंच त्या म्हणाल्या. फौजदारानं तसंच लिहून घेतलं.

मग ओळख परेड झाली. सात माणसं ओळीत उभी. जो ओळखीचा वाटेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, अशी रीत. फौजदार गाडीतच कुजबुजला होता, "डावीकडून तिसरा." तिसऱ्याची करंगळी मोडून काळीनिळी झाली होती आणि तो जमिनीकडं बघत होता. मुक्ताबाईंचा हात उचलला गेला आणि खाली आला.

"यातला कुणी नाही," त्या म्हणाल्या.

नुसतं पळताना पाहिल्यावर गुन्हा टिकेना, हिंदुराव सुटला. बाई घाबरली, असं सगळं गाव म्हणालं. आणि नवरा मारला गेला तरी बायको ज्याला घाबरून गप्प बसते, त्याच्या वाटेला कोण जाणार? एका घरमालकानं त्याला बोलावून भाडेकरूच्या दारात नुसतं उभं केलं. भाडेकरू आठवड्यात गेला. मालकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दुधाची किटली सुटली ती सुटलीच. पुढं कंपन्यांच्या मजुरांची कंत्राटं आली, पाण्याचे टँकर आले. नुसतं उभं राहून भागेना अशीही कामं आली, आणि तीही तो करायला लागला. विश्रांतवाडीत एकाचा पाय गेला. काचेचं दुकान चालवणाऱ्या दादामियाँना सगळं टाकून गाव सोडावं लागलं.

असली प्रत्येक बातमी आली की मुक्ताबाई ताट बाजूला सारायच्या. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर! जीव तीळ तीळ तुटायचा, पण सांगणार कुणाला? दर दिवाळीला अण्णाची गाडी त्यांच्या दाराशी थांबायची आणि अण्णा खाली वाकून पाया पडायचा. बघा, करून सवरून वर पाया पडतोय, असं लोक म्हणायचे. मुक्ताबाई पाय मागं घ्यायच्या.

हिंदुराव आत आला. त्यानं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि खुर्ची ओढून तो मुक्ताबाईंच्या उजव्या अंगाला बसला. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून.

"बोला काकू."

"माझ्या जयसिंगला सोड."

"मी धरून न्हाई ठेवला. त्याच्या पायानं आलाय."

"मग हाकलून दे. तुझ्या शब्दाबाहेर नाही तो. आजवर तुझ्याकडं काही मागितलं नाही, हिंदुराव. पण त्या दिवशी मी खांद्यावर हात ठेवला असता, तर आज तू इथं नसतास."

हिंदुराव आपल्या वाकड्या करंगळीकडं बघत राहिला.

"नसतो," तो म्हणाला. "चार म्हशी असत्या माझ्या. कधीकधी वाटतं, त्येच बरं व्हतं."

त्यानं फोन उचलला. "जयसिंगला सांगा, आजपास्नं इकडं फिरकायचं न्हाई. आपल्या कुणाबरोबर दिसला तर माझ्याशी गाठ हाय." फोन खाली ठेवून तो म्हणाला, "झालं काकू. पोरगं तुमचं."

मुक्ताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या वर्षांत जे कुणाजवळ बोलल्या नाहीत, ते तोंडून निघून गेलं, "तुझं वाटोळं मी केलं रे, बाबा."

"रडू नका. चला, गाडीनं सोडायला सांगतो."

तो त्यांना हात देऊन दारापर्यंत घेऊन गेला. बाहेर पोरं उभी होती. दार उघडायच्या आधी तो थांबला आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकला.

"पोलिसांनी चार दिवस मारून विचारलं, काकू. जयसिंग सहा वर्षांचा व्हता, म्हणून बोललो न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कोयता तुम्ही दोन्ही हातांनी उचलला व्हता."