शेवटचं कडवं

"बेबे, हात जरा खाली घे. त्याचा चेहरा झाकला जातोय," कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक म्हणाला.

बचिंत कौरनं हात खाली घेतला. तूप-साखर घालून कुस्करलेल्या पोळीचा, चूरीचा, घास तिनं गायक जोबनच्या तोंडात घातला. 'कट' म्हटल्याबरोबर जोबननं तो कागदी रुमालात थुंकला. त्याचं पथ्य चालू होतं. सकाळपासून हेच चाललं होतं.

नछत्तर खांबाला टेकून बघत होता. गाणं त्यानं लिहिलेलं, सगळे 'बेबे' म्हणत होते ती आई त्याची, चूलही त्याच्याच घरची. जोबनची आई कॅनडात. तिला धूर सोसत नाही म्हणे, म्हणून व्हिडिओत त्याची आई बेबे. आईच्या मायेवर गाणी लिहून लिहून नछत्तर इतका शिणला होता, की सख्ख्या आईशी बोलायला शब्द उरत नसत.

आज तर तोंडच नव्हतं. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव-गाव यायचं, ही इथली, पंजाबी गाण्यांची रीत. नछत्तरनंही ते गुंफलं होतं, घरी म्हणून दाखवलं होतं आणि बेबेनं ते गावभर केलं होतं. म्हणून तर आज अख्खं रुक्खेवाल गाव गच्च्यांवर चढून बसलं होतं. जोबननं ते काढून आपल्या आजोबांचं गाव घातलं, हे सांगायचं नछत्तरच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता शूटिंगचा दिवस उजाडला.

"शेवटचं कडवं लावा रे," दिग्दर्शक म्हणाला. "बेबे, आता फक्त डोक्यावरून हात फिरव."

गाणं वाजू लागलं. जोबन ओठ हलवत होता. गाव आलं, ते भलतंच. नछत्तरचं नाव आलंच नाही.

"बचिंतो, हे कुठलं गं गाव?" गच्चीवरून एका म्हाताऱ्यानं विचारलं. दोघं-तिघं हसले.

बेबेचा हात जोबनच्या डोक्यावर तसाच राहिला. डोळे मात्र भरून वाहू लागले.

"कट. वा, बेबे, रडायचं सांगितलंही नव्हतं," दिग्दर्शक खूश झाला. "हेच आता जवळून घेऊ. घासासकट."

"पुरे," नछत्तर पुढे झाला. "दमलीय ती."

बेबेनं ओढणीनं डोळे पुसले आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"गाणं तुझं होतं, दिलंस. गाव काय तुझ्या एकट्याचं होतं?"

बेबेनं चूरीची रिकामी ताटली त्याच्यापुढे धरली.

"शब्द दिलायस ना त्यांना? मग उभा काय राहतोस? चूरी संपली. पोळी कुस्कर."

नछत्तर चुलीपाशी बसून पोळी कुस्करू लागला. शेवटचं कडवं पुन्हा सुरू झालं, तेव्हा गच्च्यांवर ऐकायला कुणी उरलं नव्हतं.